मोठ्या बाईंची शंभरपानी वही

आमच्या मुलीच्या जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचा उतारा हवा होता, म्हणून जून २०२४ मध्ये आम्ही मनमाडच्या आमच्या जुन्या शाळेची पायरी पुन्हा चढलो. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ज्यांच्या घरात सातबारा नाही, घरपट्टीची जुनी पावती नाही, त्यांना एकच आधार उरतो. आजा-पणजा चार महिने का होईना शाळेत गेला असेल, तर त्या शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर. त्याआधी एका कार्यालयात आमच्या तीन खेपा झाल्या होत्या आणि दर खेपेला एक कागद कमी पडत होता. आम्ही स्वतः कारकून. कागद कमी असणे म्हणजे काय, हे टेबलाच्या त्या बाजूने आम्हांला चांगले ठाऊक आहे. या बाजूने ते पहिल्यांदाच कळले.

शाळा उघडून तीन-चार दिवस झाले होते. मोठ्या बाईंनी कपाटातून लाल फडक्यात बांधलेले रजिस्टर काढले. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. लोकल बोर्डाच्या काळातल्या त्या पानावर आमच्या आजोबांचे नाव सापडले. जन्मतारीख अर्थातच १ जून! ज्यांच्या जन्माची नोंद कुणी ठेवली नाही, त्या साऱ्या पिढ्यांना मास्तरांनी एकाच दिवशी जन्माला घातले आहे. जातीचा रकाना भरलेला होता. आमचे काम झाले होते. पण नजर शेवटच्या रकान्यावर थांबली. शाळा सोडण्याचे कारण: सतत गैरहजर, नाव कमी केले. इयत्ता दुसरी.

उतारा लिहिता लिहिता बाई म्हणाल्या, "गैरहजर होते हे मास्तरांनी लिहून ठेवलंय, भाऊ. का होते, त्याला रकानाच नाही."

का होते ते आम्हांला ठाऊक होते. आजी सांगायची, आजोबा रेल्वेच्या यार्डात इंजिनातून पडलेला कोळसा वेचायला जात. आम्ही ते बाईंना सांगितले. त्यांनी टेबलाचा खण ओढून एक साधी शंभरपानी वही काढली. आत पट्टीने आखलेले तीनच रकाने. तारीख, नाव, का. शाळेच्या दप्तरात अशी वही ठेवा असे कोणत्याही परिपत्रकात सांगितलेले नाही. त्या वर्षाचे पहिले पान नुकतेच सुरू झाले होते.

अशी आमची ओळख झाली. पुढे महिनाभरात बाईंनी आम्हांला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतले, तेही शिक्षणतज्ज्ञ म्हणून! समितीत पाऊण सभासद पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि उरलेल्या जागांत एक जाणकार माणूस लागतो. बी.कॉम. झालेला कारकून कसला शिक्षणतज्ज्ञ, असे आम्ही म्हटले. त्यावर बाईंचे उत्तर सरळ होते. शाळेला कारकून नाही. त्यांना कारकूनच पाहिजे होता.

वाचकांना वाटेल, मुख्याध्यापिकेच्या हाताखाली माणसे असतात. आमच्या बाई सरकारदरबारी मुख्याध्यापिका नव्हत्याच. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबाने प्राथमिक शाळेत दीडशेच्या वर मुले असली तर मुख्याध्यापकाचे वेगळे पद मिळते. आमची शाळा पहिली ते चौथी, पट ६४. अशा ठिकाणी सर्वांत ज्येष्ठ शिक्षिकेकडे कार्यभार देतात. चौथीचा वर्ग बाईंचाच, पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा त्यांनीच, मीटिंगला जायचे त्यांनीच, आणि संडासात पाणी आहे का ते बघायचेही त्यांनीच. त्याच कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात आणि एकसष्टाव्या मुलापासून तिसरा. पट धरतात तो ३० सप्टेंबरचा. म्हणजे शाळेतला तिसरा शिक्षक चार मुलांवर उभा होता. चार घरांनी पिवळ्या व्हॅनमधून पोरे इंग्रजी शाळेत धाडली, की दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे.

इथे एक गोष्ट लपवून लिहिणे बरे नाही. आमच्या मुलीला आम्ही या शाळेत घातले नव्हते. ती त्या पिवळ्या व्हॅनमधूनच गेली. बाईंनी आम्हांला ते कधी विचारले नाही, आणि त्यांनी न विचारल्याचेच आम्हांला जास्त लागले.

जूनमध्ये प्रवेश चालू असताना आम्ही दोन संध्याकाळी फॉर्म भरायला बसलो. आपल्या वस्तीतला एक तरुण बाप पोरीला घेऊन आला. धर्माच्या रकान्यात बौद्ध, जातीच्या रकान्यातही बौद्ध, असे त्याने सांगितले. बाईंनी पेन थांबवले. तो म्हणाला, "आम्ही ती जात सोडली, बाई. पोरीच्या कागदावर ती पुन्हा कशाला?" आवाज चढलेला नव्हता, पण डोळे भरले होते. त्याचे चुकले होते असे आम्हांला म्हणवत नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या कितीतरी घरांनी हेच केले, आणि अभिमानाने केले. पण १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या, तेव्हा कागदावर मूळ जात शोधत फिरणाऱ्यांत याच घरांची मुले होती. आमच्या तीन खेपा तरी दुसऱ्या कशाच्या होत्या? बाई त्याला म्हणाल्या, "धर्म काय लिहायचा तो तुमचा. त्यात मी बोलणार नाही. जातीचा रकाना तुमच्या नातवासाठी आहे, तो उद्या माझ्यासारख्या बाईसमोर उभा राहील तेव्हा." तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने लिहायला सांगितले. जाताना त्याने बाईंना जयभीम केला, आमच्याकडे मात्र बघितले नाही.

असो. वहीकडे वळू.

पहिल्या दोन महिन्यांत 'का' या रकान्यात सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द म्हणजे 'पाणी'. मनमाडला नळाला किती दिवसांनी पाणी येते, हा जिल्ह्यात वर्षानुवर्षे थट्टेचा विषय झालेला होता. पंधरा दिवस, वीस दिवस. ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांनी थट्टा करावी. आई कांद्याच्या खळ्यावर निवडणीला गेलेली, बाप धान्याच्या गोदामात पोती उचलायला. नळ सुटला की हंडे, कळशा, पिंप, बादल्या भरणार कोण? नऊ वर्षांची मुलगी. बाई एका आईला बोलल्या तेव्हा ती म्हणाली, "पोरगी शाळेत आली तर हांडे कोण भरील? पंधरा दिस मंग काय प्यायचं?" या प्रश्नाला उत्तर नाही, आणि बाईंनी द्यायचा प्रयत्नही केला नाही.

पण वहीने त्यांना एक गोष्ट दाखवली. हजेरीपटावर ती मुले नुसती सुटी सुटी गैरहजर दिसत होती, आज ही, उद्या ती. वहीत मात्र एका दिवशीची पाचही मुले एकाच गल्लीतली निघाली. बाईंनी काय करावे? व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला त्यांनी गाठले. त्याची भाची त्यांच्या हाताखाली शिकलेली होती. उद्या कोणत्या गल्लीला पाणी, हे तो आदल्या संध्याकाळी फोन करून सांगू लागला. मग त्या दिवशी त्या गल्लीतल्या मुलींनी मधल्या सुट्टीनंतर आले तरी चालेल असे ठरले, दुसऱ्या सत्राची हजेरी मांडली जाऊ लागली. आणि त्या दिवशी वर्गात नवीन गणित शिकवायचे नाही, उजळणी घ्यायची, असे तिन्ही शिक्षकांनी ठरवले. हातच्याची वजाबाकी ज्या दिवशी शिकवली त्याच दिवशी मूल हंडे भरत असेल, तर ते पुढे वर्षभर वजाबाकीत चुकते आणि आपण त्याला ढ म्हणतो. इतकी साधी गोष्ट, पण आमच्या लहानपणी ती कुणाला सुचली असती तर आमच्या वर्गातल्या निम्म्या ढ पोरांचे भले झाले असते.

पाणी भरणाऱ्या मुलीची हजेरी मांडणे याला आणखी एक बाजू होती. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या चौथीपर्यंतच्या मुलींसाठी उपस्थिती भत्त्याची योजना १९९२ साली सुरू झाली. दिवसाला एक रुपया. तेव्हा रुपयाला किंमत होती, मुली त्या रुपयासाठी खरोखरच शाळेत येत. तीस वर्षे उलटून गेली तरी तो रुपया रुपयाच राहिला. बाई हसून म्हणाल्या, "आता पोरी मलाच म्हणतात, बाई, रुपयात गोळ्यासुद्धा येत नाहीत."

ऑगस्टात वहीत 'कपडे' हा शब्द येतो. त्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ ला, साऱ्या राज्यात एकाच कापडाचा गणवेश वरून शिवून येणार होता. आधी ते काम शाळा समितीकडे असे. गावातल्या शिंप्याला माप देऊन आठवड्यात कपडे अंगावर चढत. या वेळी राज्यभर गणवेश रखडले. आमच्याकडे १५ ऑगस्टला झेंड्यासमोर मुले उभी राहिली ती गेल्या वर्षीच्या, गुडघ्यावर आलेल्या पॅंटींत, आणि पहिलीची मुले घरच्या कपड्यांत. पहिलीतला एक मुलगा तीन दिवस आलाच नाही. त्याच्याकडे घरचा असा एकच सदरा होता आणि तो वाळला नव्हता. डिसेंबरात तो निर्णय फिरला, पुढच्या वर्षापासून काम पुन्हा समितीकडे आले. कपडे आले तेव्हा काहींच्या बाह्या बोटांच्या खाली येत होत्या. बाईंनी स्वतःचे शिलाई मशीन शाळेत आणून दोन शनिवार त्या बाह्या आत घेतल्या.

सप्टेंबर तापाचा. त्याविषयी काही सांगण्यासारखे नाही, पान भरले आहे एवढेच. ३० तारखेला पट मोजला, ६४ भरला.

आणि दसरा झाला. नांदगाव-चाळीसगावच्या बाजूने ऊसतोडीला जाणारी माणसे आहेत, त्यांतली काही घरे मनमाडच्या कडेला येऊन राहिली आहेत. मुकादमाची उचल उन्हाळ्यातच घेतलेली असते, आणि ती लग्नाला किंवा दवाखान्याला गेलेलीही असते. कोयत्याबरोबर पोरे जातात. आमच्या शाळेतून तीन घरची मुले जायला निघाली. बाई तिन्ही घरी गेल्या, एका घरी आम्हांलाही नेले. दोन घरी म्हातारी माणसे होती, त्यांच्याजवळ मुले राहिली. तिसऱ्या घरात कुणीच नव्हते. तिसरीतला मुलगा, अंगाने किरकोळ, पण पाढे असे म्हणायचा की ऐकत राहावे. ट्रॅक्टरची ट्रॉली भरलेली होती, वर कोंबड्यांचे डालगे, त्याच्या शेजारी हा बसलेला. बाईंनी त्याच्या हातात शिक्षण हमी पत्रक दिले. स्थलांतर करणाऱ्या मुलाला जिथे जाईल तिथल्या शाळेने बसवून घ्यावे, यासाठी ते असते. त्याने ते घडी करून खिशात घातले. बाई त्याच्या आईला म्हणाल्या, "पावसात भिजू देऊ नका." आई म्हणाली, "पोराला का कागदाला?" दोघी हसल्या. आम्हांला मात्र हसू आले नाही.

नोव्हेंबरचे पान बघून आम्ही चकित झालो. दिवाळीची सुट्टी संपली न संपली तोच २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान होते. त्याआधी प्रशिक्षणे, याद्या, मग शाळेतच मतदान केंद्र. त्या दिवसांच्या समोर बाईंनी मुलांची नावे लिहिलेली नव्हती. नावाच्या रकान्यात 'मी', आणि 'का' मध्ये 'निवडणूक'. पुढे दुसऱ्या बाई, 'निवडणूक'. गुरुजी, 'प्रशिक्षण'. त्याआधीची पाने आम्ही पुन्हा चाळली, तर तिथेही अधूनमधून 'मी' होतेच. 'मी, केंद्राची बैठक.' 'मी, ऑनलाईन माहिती.' आधार कार्डावरचे नाव आणि रजिस्टरातले नाव एका वेलांटीने जुळत नाही म्हणून पोर्टल मुलाला स्वीकारत नाही, आणि ती वेलांटी सुधारण्यात बाईंची दुपार जाते. ही वेलांटीची कामे पुढे आम्ही आमच्याकडे घेतली. आम्हांला त्याची सवय आहे.

त्या नोव्हेंबरात आणखी एक दिवस सुट्टीतच गेला. ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून २०१७ पासून राज्यातल्या शाळांत पाळतात. १९०० साली त्या दिवशी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. त्या रजिस्टरात १९१४ क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर ही नोंद आहे. सुट्टी संपल्यावर बाईंनी चौथीच्या मुलांना आपल्याच शाळेचे जुने रजिस्टर फडक्यातून सोडून दाखवले. भाषण केले नाही. ज्याला आपला आजा सापडेल त्याने बोट ठेवून दाखवावे, एवढेच सांगितले. चौघांना सापडला.

जानेवारीअखेर अंड्यांचा प्रश्न आला. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून साडेचारशे उष्मांक आणि बारा ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. नोव्हेंबर २०२३ पासून त्यात आठवड्याला एक अंडे आले होते, न खाणाऱ्याला केळे. अंड्याच्या वारी वहीचे पान कोरे असे! ताप असला तरी मुले येत. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठी वेगळे पैसे देणे थांबवले आणि हवे तर लोकसहभागातून द्या असे सांगितले. लोक म्हणजे कोण? ६४ मुलांचे आठवड्याला चारशे-सव्वाचारशे रुपये. बाईंनी दोन आठवडे पदरचे घातले हे आम्हांला अंडीवाल्याकडून कळले.

आम्ही वस्तीतल्या मंडळाच्या बैठकीत विषय काढला. जयंतीच्या वर्गणीचा हिशोब चालला होता. एक तरुण कार्यकर्ता ताडकन उठला. "शाळा पालिकेची, जेवण सरकारचं, मग वर्गणी आपल्या आयांनी का द्यायची? उद्या मास्तरांचा पगार पण आपणच द्यायचा का?" प्रश्न चोख होता. आम्ही आजवर ज्या मोर्चांत गेलो त्यांत आम्ही स्वतः हेच बोललो आहोत. मागणीचे निवेदन द्यायचे ठरले आणि ते आम्ही दिलेही. पण निवेदनाला उत्तर येईपर्यंत पोरांनी काय खावे, यावर त्याच बैठकीत मागे बसलेल्या दोन बाया बोलल्या. सजावटीतून एप्रिलपर्यंतच्या अंड्यांचे पैसे बाजूला काढले गेले. पहिल्या बुधवारी तोच तरुण अंड्यांचे ट्रे सायकलवर बांधून शाळेत आला. एक फुटले, त्याचे पैसे त्याने खिशातून दिले.

फेब्रुवारी-मार्चात आमच्या भागात उन्हाळ कांद्याची काढणी सुरू होते, तेव्हा बायांना उसंत नसते. वहीत सलग अकरा दिवस एकाच मुलीचे नाव आले, आणि 'का' मध्ये एकच शब्द, 'भाऊ'. चौथीतली मुलगी, वाचनात सर्वांत पुढे. भाऊ दीड वर्षाचा. अंगणवाडीत बसायला तो लहान, आईबरोबर वावरात उन्हात न्यायला त्याहून लहान. बाराव्या दिवशी बाई घरी गेल्या आणि म्हणाल्या, त्यालाही घेऊन ये.

यावरून शाळेत वाद झाला. गुरुजी म्हणाले, "बाई, ही शाळा आहे का पाळणाघर? एकीला परवानगी दिली की उद्या दहा पोरं कडेवर येतील." खरे सांगायचे तर आम्हांला गुरुजींचेच पटले होते. चार वर्ग, तीन माणसे, त्यात रांगते मूल. आणि त्या मुलाने गुण दाखवलेच. बाईंच्या टेबलावरचा हजेरीपट ओढून त्याने मार्च महिन्याचे पान मधोमध फाडले. चिकटपट्टीने जोडलेले ते पान आम्ही पाहिले आहे, खाली बाईंचा खुलासा आणि सही. वर्ग चालू असताना तो सतरंजीवर झोपे, उठला की बहीण त्याला मांडीवर घेऊन भागाकार करी. दहा पोरे कडेवर आली नाहीत, दोन आली. बाईंनी गुरुजींशी वाद घातला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "तो नाही आला तर ती येत नाही. एवढाच हिशोब आहे." मार्चअखेर आम्ही एकदा शाळेत डोकावलो, तेव्हा ते मूल गुरुजींच्या खांद्यावर झोपलेले होते आणि गुरुजी फळ्यावर डाव्या हाताने लिहीत होते.

परीक्षांविषयी काय लिहावे? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने सांगितले होते की चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नये, लहान मुलांची झोप होत नाही. मार्च २०२५ मध्ये सांगितले की प्राथमिक शाळा सात ते सव्वाअकरा भरवावी, ऊन फार आहे. दोन्ही खरेच आहे. परीक्षा त्या वर्षी २५ एप्रिलपर्यंत लांबल्या, आणि पत्र्याखालच्या वर्गात मुलांच्या हाताचा घाम पेपरावर उतरत होता.

१ मे २०२५ ला झेंडावंदन झाले, निकाल वाटले. सर्व मुले वरच्या वर्गात गेली. पालक गेल्यावर बाईंनी चहा मागवला. वर्ष कसे गेले, असे आम्ही विचारले. कुणी मुख्याध्यापक अशा वेळी टक्केवारी सांगतो. बाईंनी वही पुढे ढकलली आणि म्हणाल्या, "निकाल आज नाही, जूनमध्ये लागतो."

त्याचा अर्थ असा. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी रुळापलीकडच्या हायस्कुलात नाव घालावे लागते. चौदा मुलांचे दाखले तयार होते. पण दाखला घरी नेला म्हणजे मूल पुढे गेले असे नव्हे. दाखला पत्र्याच्या पेटीत जातो आणि मूल खळ्यावर जाते, असे बाईंनी फार पाहिले होते. पोर्टलवर नवी शाळा मागणी करते आणि जुनी शाळा मंजुरी देते, तेव्हाच मूल इकडून तिकडे गेले असे धरतात. मधल्या काळात ते कुठेच नसते. गेल्या वर्षीची तीन मुले अशी मध्येच लोंबकळत राहिली होती. त्यांतल्या दोन मुली होत्या. त्यांची नावे बाईंनी वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली होती.

म्हणून १६ जून २०२५ ला शाळा उघडल्या, त्या दिवशी आम्ही कचेरीत रजा टाकली आणि नऊ मुले व सहा आया घेऊन पुलावरून हायस्कुलात गेलो. ती कांदेवाली आई, तिची मुलगी, आणि कडेवर तो हजेरीपट फाडणारा, असे तिघेही होते. तिथल्या कारकुनाला आम्ही कारकून आहोत हे सांगितल्यावर काम लवकर झाले. उरलेली पाच मुले त्या आठवड्यात गेली. चौदाच्या चौदा. गेल्या वर्षीच्या तिघांपैकी एकीलाही बाईंनी पाचवीत बसवले. दुसरीचे लग्न ठरल्याचे कळले, तिच्याकडे बाई गेल्या तेव्हा घराला कुलूप होते. तिसरा स्टेशनवर पाण्याच्या बाटल्या विकतो, तो आम्हांला बघून डब्यात चढतो.

राहता राहिला उसाच्या फडावर गेलेला मुलगा. गाळप हंगाम त्या वर्षी लवकर आटोपला, मार्चअखेर बहुतेक टोळ्या परतल्या. हे घर परतले नव्हते. मुकादमाचा फोन बंद. कोणत्याही शाळेकडून त्याची मागणी आलेली नव्हती. बाईंनी त्याचे नाव कमी केले नव्हते, चौथीच्या नव्या हजेरीपटावर ते सातव्या क्रमांकाला लिहिलेले होते, आणि पुढे सगळे रिकामे. २२ जूनच्या रविवारी कोपरगावला आमच्या साडूकडे साखरपुडा होता. बाईंनी एका चिठ्ठीवर मुलाचे, बापाचे नाव आणि कारखान्याचा रस्ता लिहून आमच्या खिशात घातला.

साखरपुड्याचे जेवण टाकून आम्ही साडूच्या मोटारसायकलवर फिरलो. टोळीचा तळ उठून गेलेला होता. एका टपरीवाल्याने सांगितले की एक जोडपे उचल फिटली नाही म्हणून एका बागायतदाराकडे सालाने राहिले आहे. तिथे विहिरीजवळ हा मुलगा शेळी घेऊन बसलेला दिसला. आम्हांला ओळखले नाही, पण मोठ्या बाईंचे नाव काढताच उठून उभा राहिला. शाळेत जातोस का, विचारले. म्हणाला, वस्तीच्या शाळेत जातो, रोज. हमी पत्रक त्याने तिथल्या गुरुजींना दिले होते, पण त्याच्या घड्या पडून, भिजून, त्यावरचा आकडा पुसला गेला होता. गुरुजींनी त्याला बसवून घेतले, जेवायला वाढले, नाव मात्र नोंदवता आले नव्हते. गुरुजींचा फोन नंबर मुलाला पाठ होता. पाढ्यासारखा त्याने तो म्हणून दाखवला. आम्ही तिथूनच बाईंना फोन लावला. इतके महिने एका शाळेत त्याचे नाव होते आणि तो नव्हता, दुसऱ्या शाळेत तो होता आणि त्याचे नाव नव्हते.

फोनवर बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. आम्हांला त्याचे कारण माहीत होते. चौदा मुले गेली होती, पहिलीत अकरा आली होती. पट ६१ होता, आणि त्या एकसष्टात हा मुलगा धरलेला होता. त्याला तिकडे सोडला की साठ.

"गुरुजींना म्हणावं, आज रात्रीच मागणी टाका," बाई म्हणाल्या. "मी जागी आहे."

सोमवारी संध्याकाळी आम्ही कचेरीतून परतलो तेव्हा बाई पहिलीच्या प्रवेशाचे कोरे फॉर्म घेऊन आमच्या गल्लीत दारोदार फिरत होत्या. वही पिशवीत होती. त्यांनी ती उघडून आम्हांला दाखवली. २२ जून, मुलाचे नाव, आणि 'का' च्या रकान्यात 'तिकडे हजर'.